काळी, पांढरी आणि सावड

सिव्हिलच्या मुलाला चार वर्षांत माती दोन ठिकाणी भेटते. एकदा सॉईल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये चाळण्यांच्या उतरंडीत, आणि एकदा फाउंडेशनच्या पेपरात. दोन्हीकडे ती पायाखाली असते. तिची भिंतही होते, त्या भिंतीत माणसं जन्मतात, म्हातारी होतात, हे आमच्या सिलॅबसला फारसं ठाऊक नाही. फायनल इयरला आमच्या ग्रुपने ‘मातीचे दाबलेले ब्लॉक आणि गावाच्या श्रमातून घर’ असा प्रोजेक्ट घेतला तेव्हा अर्ध्या हॉस्टेलने विचारलं, "का रे, नोकरी नको का?" आणि व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "किल्लारी माहीत आहे ना?"

माहीत आहे. माझं गाव लातूर जिल्ह्यातलंच. आमच्या घरात आजही ‘मातीचं घर’ म्हटलं की आजी विषय बदलते. म्हणून हा लेख किल्लारीपासूनच सुरू करतो. त्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय स्वस्त घराच्या गप्पा मारणं खरं नाही. (मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये. गणित दहावीच्या पुढे जाणार नाही.)

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजत आले होते. भूकंप ६.२ क्षमतेचा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. जगात होणाऱ्या भूकंपांच्या मानाने ६.२ हा आकडा मध्यम म्हणावा लागेल. मग इतकी माणसं का गेली? गावं भूकंपाच्या केंद्राला चिकटून होती आणि सगळे झोपेत होते, ही दोन कारणं आहेतच. तिसरं कारण आमच्या विषयाचं आहे.

त्या भागातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. भिंत दोन-अडीच फूट जाड, गोलसर दगडांची, मातीच्या गाऱ्यात रचलेली. ही भिंत दिसायला एक, पण आतून दोन. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये भरलेली बारीकसारीक दगडमाती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड, ज्याला आपण थ्रू स्टोन म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी नाहीच. वर माळवद. म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून वर नवी माती टाकायची. जुनी कोण काढतंय? आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलाने टाकली, असं करत थर फूट, दीड फूट, कुठे दोन फूट झाला.

आता हिशेब करा. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर माती, घनमीटरला १६०० किलो धरली तर एका चौरस मीटरवर ७२० किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर आठ टन! तेवढ्याच खोलीवर १२ सेंटिमीटरचा आर.सी.सी. स्लॅब टाकला तर सव्वातीन टन होतो, आणि पत्रे वाशांसकट दोनशे किलोंच्या आतबाहेर. भूकंप घराला आडवा हिसका देतो, आणि तो हिसका वजनाच्या पटीत असतो. न्यूटनचा दुसरा नियम, एवढंच. डोक्यावर आठ टन आणि बाजूला एकमेकांना न धरणारे दगडांचे दोन थर. काय होणार होतं?

यातली एक बारीक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. त्या भागात घर ‘खणांचं’ असतं. लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा माळवद पेलतो, दगडी भिंत नुसती भोवती असते. जिथे सुताराने हे सांधे नीट केले होते, तिथे भिंती ढासळूनही माळवद खांबांवर उभं राहिलेलं दिसलं. तेच गाव, तोच धक्का, तीच माती. वेगळा होता तो सांधा.

दुसरं उदाहरण कच्छचं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात चौदा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळी बन्नी भागातल्या ‘भुंगा’ नावाच्या गोल मातीच्या खोल्या बऱ्याच प्रमाणात टिकल्या. भुंगा म्हणजे तीन ते सहा मीटर व्यासाची गोल भिंत, एक दार, दोन छोट्या खिडक्या आणि वर गवताचं टोपीसारखं छप्पर. गोल भिंतीला लांब सपाट बाजूच नाही, त्यामुळे ती कुठल्याही दिशेने ढकलली तरी कमानीसारखी स्वतःला सावरते. आणि डोक्यावर गवत, आठ टन नाही. त्याच कच्छमध्ये मातीच्या गाऱ्यातल्या दगडी भिंती किल्लारीसारख्याच पडल्या.

तर व्हायवाच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं होतं. ‘मातीचं घर पडलं’ हे वाक्य अपुरं आहे. छत किती जड, भिंत एकजीव आहे की नाही, आणि घराला कमरपट्टा आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मातीला दोष देता येत नाही. भारतीय मानक ब्युरोचे मातीच्या घरांसाठीचे आय.एस. १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठीचे आय.एस. १३८२८ हे दोन्ही कोड १९९३ सालचेच. त्यांचा गाभा हाच: भिंतीची लांबी आणि उंची मर्यादेत ठेवा, दारं-खिडक्या कोपऱ्यापासून दूर घ्या, जोत्यावर, दारांच्या वर आणि छताखाली सलग पट्टे फिरवा, छप्पर हलकं ठेवा.

आता मातीकडे येऊ.

आपल्या खेड्यात जमिनीला दोन नावं आहेत. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. जुन्या भिंती, गढ्या, माळवदं सगळी पांढऱ्या मातीची. भेंडे पाडायचे तेही पांढरीचे. काळी मातीत कुणी भिंत घालत नसे. सॉईल मेकॅनिक्स जन्माला यायच्या आधी आपल्या लोकांनी लावलेलं हे वर्गीकरण आहे, आणि ते बरोबर आहे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचे पातळ पदर असतात आणि पाणी त्या पदरांच्या मधे शिरतं. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की आकसते, आणि शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीचं असं झालं तर संपलंच. तांबड्या मातीत सहसा केओलिनाइट असतं, त्याचे पदर एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ती फारशी फुगत नाही. म्हणून तांबड्या मातीवर आधारलेलं कर्नाटकातलं तंत्र जसंच्या तसं उचलून औसा-निलंग्यात वापरता येत नाही. तिथे हात पोळतो.

मग माती ओळखायची कशी? लॅब नसली तरी चालतं. मेसमधली लोणच्याची रिकामी बरणी घ्या (मामांना विचारून). एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू अर्ध्या मिनिटात खाली बसते. त्यावर गाळ बसत जातो. चिकणमातीचे दोन मायक्रॉनहून बारीक कण मात्र दहा सेंटिमीटर उतरायलाही आठ तास घेतात, कारण स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कण निम्मा झाला की वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून थर मोजा. दाबलेल्या सिमेंट-मातीच्या ब्लॉकला वाळू साधारण ६५ ते ७५ टक्के आणि चिकणमाती १० ते १५ टक्के असेल तर काम सोपं. चिकणमाती जास्त निघाली तर वाळू किंवा क्रशरची डस्ट मिसळा. फारच कमी निघाली तर ब्लॉक साच्यातून काढतानाच कोपरे ढासळतात.

बरणी प्रमाण सांगते, स्वभाव सांगत नाही. स्वभावासाठी खोका. साठ सेंटिमीटर लांब, चार रुंद, चार खोल अशी लाकडी पेटी करायची, आतून तेल लावायचं, ओली माती ठासून भरायची आणि वाळवायची. वाळल्यावर पेटीच्या टोकाशी किती फट पडली ते मोजायचं. आमच्या ग्रुपने तीन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या: शेतातली काळी, गावातल्या पडक्या वाड्याची पांढरी, आणि काळीत निम्म्याहून जास्त क्रशरची डस्ट घालून केलेलं मिश्रण. काळी आठवड्याभरात आकसून मध्येच तीन तुकडे होऊन पडली. पांढरीची फट बोटभरही नव्हती. मिश्रण दोन्हींच्या मधे, पण पांढरीच्या जवळ. ही तीन खोकी पाहून आमच्या लॅबच्या शिपाईकाकांनी काढलेला निष्कर्ष आमच्या रिपोर्टपेक्षा नेमका होता: "काळीला पोटाचं काम द्या, भिंतीचं नका देऊ."

फुगणाऱ्या मातीला सिमेंटपेक्षा चुना जास्त मानवतो, कारण चुन्यातलं कॅल्शियम त्या पदरांना बांधून टाकतं. पण चुना सावकाश काम करतो, आठवडे लागतात, आणि गवंड्याला तेवढी सवड नसते. शिवाय जिथे पडक्या वाड्यांची पांढरी माती ढिगाने पडून आहे, तिथे काळीशी झुंजण्याची गरजही नाही.

माती ठरली की ब्लॉक. मातीची कच्ची वीट जगभर हजारो वर्षं आहे. दाबून ब्लॉक करण्याचं हातयंत्र मात्र १९५० च्या दशकातलं. कोलंबियातल्या बोगोटा इथे राउल रामिरेझ या इंजिनियरने ‘सिन्व्हा-राम’ नावाचं यंत्र केलं. एक साचा, एक झाकण आणि एक लांब दांडा. दांड्याला दोघं लोंबकळले की माती दबते. वीज नाही, डिझेल नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण भागासाठी ‘अस्त्र’ हा विभाग निघाला आणि तिथे प्रा. जगदीश आणि सहकाऱ्यांनी ब्लॉकचं यंत्र, मातीची प्रमाणं आणि चाचण्या यांवर वर्षानुवर्षं काम केलं. पाँडिचेरीजवळ ऑरोव्हिलमध्येही असं काम झालं, तिथलं ‘ऑरम’ यंत्र बऱ्याच देशांत गेलं. मातीच्या ब्लॉकला आय.एस. १७२५ हा कोड आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१३ ची. म्हणजे ‘याला कोड कुठाय?’ हे कारण कुणी इंजिनियरने देऊ नये.

कृती अशी. माती फूटभर खालची घ्यायची, कारण वरच्या थरात मुळं आणि कुजका पाला असतो. चाळायची. सहा ते सात टक्के सिमेंट सुकं मिसळायचं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. मुठीत दाबून गोळा करा, छातीच्या उंचीवरून खाली टाका. चारपाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. चपटा झाला तर जास्त, भुगा झाला तर कमी. सिमेंट घातलेलं मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात संपवायचं, म्हणून एका वेळी थोडंच कालवायचं. ब्लॉक काढले की सावलीत रचून गोणपाट टाकायचं आणि तीन आठवडे तरी ओले ठेवायचे.

इथे एक धोक्याची खूण. सुका ब्लॉक नेहमी ताठ्यात असतो. साधा, सिमेंट न घातलेला ब्लॉकही वाळल्यावर चांगला भार घेतो आणि बघणारे खूश होतात. खरी परीक्षा ओल्याची. चोवीस तास पाण्यात बुडवून मग मशीनखाली ठेवायचा. साधा ब्लॉक बादलीतच चिखल होतो. त्यामुळे कुणी तुम्हाला ताकदीचा आकडा सांगितला तर पहिला प्रश्न हाच विचारा: ओला की सुका?

किती ताकद लागते? एक मजली घराची भिंत घ्या. तीन मीटर उंच, २३ सेंटिमीटर जाड. तिच्या स्वतःच्या वजनाने पायथ्याशी ताण येतो चौरस मिलिमीटरला साधारण ०.०६ न्यूटन. वर चार मीटर गाळ्याचा स्लॅब आणि त्यावरची माणसं धरली तर आणखी ०.०५. एकूण ०.११. आणि बरा ब्लॉक ओला असतानाही ३ न्यूटन घेतो. ब्लॉकपेक्षा भिंतीची ताकद कमी असते, वर सुरक्षिततेचा भाग ठेवावा लागतो, तरी ०.२५ पर्यंत निर्धास्त जाता येतं. म्हणजे तळमजला आरामात, वर एक मजला जपून. तिसऱ्या मजल्याला गणित आवळायला लागतं. माती ही बैठ्या घरांची वस्तू आहे, आणि आपल्या खेड्यांना बैठीच घरं हवी आहेत.

पाण्याचं म्हणाल तर नियम जुनेच. जोतं दगडाचं, दीड-दोन फूट उंच. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढं छप्पर बाहेर. काळ्या रानात पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, तिथे काटकसर नाही.

आता त्या भागाकडे येतो ज्यावर आमच्या ग्रुपमध्ये सर्वांत जास्त भांडणं झाली. श्रम.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ साली सुरू झाली तेव्हा किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपये असं ठरलं होतं, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. तेवढंच घर आम्ही हिशेबाला घेतलं. भिंतींची एकूण लांबी २५ मीटर, उंची ३. दारं-खिडक्या वजा करून भिंतीचा चेहरा ६४ चौरस मीटर. २३ बाय १९ बाय १० सेंटिमीटरचे ब्लॉक लागतात २,९००, तूटफूट धरून ३,०००. एक ब्लॉक आठ किलोचा. म्हणजे माती आणि वाळू मिळून साडेसहा-सात ब्रास, सिमेंट २७ पोती. हातयंत्रावर चाळण्यापासून रचण्यापर्यंत सात माणसं लागतात आणि दिवसाला चारशेच्या आसपास ब्लॉक होतात. आठ दिवस, ५६ मनुष्यदिवस. हीच भिंत भाजलेल्या विटांची केली तर सात-साडेसात हजार विटा ट्रकने येतात. त्यांचे पैसे भट्टीवाल्याला, कोळशाला आणि डिझेलला जातात. वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ साली मांडलेल्या हिशेबात भाजलेल्या विटेच्या एक घनमीटर बांधकामात सुमारे २,१०० मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडते, माती-सिमेंट ब्लॉकच्या बांधकामात साडेसहाशे ते आठशे.

पण नीट बघा, बचत कुठे झाली? विटेचा पैसा वाचला आणि त्याच्या जागी ५६ दिवसांची मजुरी आली. ती मजुरी बाहेरच्या माणसांना रोख द्यायची असेल, यंत्र भाड्याने आणायचं असेल आणि माती वीस किलोमीटरवरून, तर मातीचं घर विटेच्या घराहून स्वस्त पडेलच असं नाही. ‘माती फुकट, म्हणून घर स्वस्त’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. माती स्वस्त पडते ती श्रम घरचे असतील तरच.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "मग श्रमदान करू या!" आपल्याला श्रमदान माहीत आहे ते एन.एस.एस. कॅम्पचं. सात दिवस, सकाळी फावडं, दुपारी फोटो, रात्री शेकोटी. वाईट नाही, पण त्याने भिंत होत नाही. ज्याला मजुरी बुडवून यावं लागतं, त्याने दुसऱ्याच्या घरासाठी आठ दिवस फुकट का यावं? दान एकदा होतं, दोनदा होतं. तिसऱ्या दिवशी दांड्यावर लोंबकळायला कुणी नसतं.

आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे: सावड. तू माझ्या रानात चार दिवस, मी तुझ्या रानात चार दिवस. बैल सावडीने, माणूस सावडीने. यात दान नाही, उपकार नाही. उधारी आहे, आणि ती सगळ्या गावाच्या तोंडपाठ असते. घर बांधायचं तर पाच-सहा घरांची सावड करावी, एक यंत्र सामायिक. प्रत्येक घरातून एक-दोन माणसं, एका घराला आठ दिवस ब्लॉक. ब्लॉक पिकेपर्यंत पुढच्या घराचे पाडायला घ्यायचे. सहा घरांचे ब्लॉक दोन महिन्यांत होतात. गवंडी मात्र पगारी आणि चांगलाच हवा. ओळंबा सावडीने चालत नाही.

दोन महिने कुठले, हाही प्रश्न आहे. पावसाळ्यात ब्लॉक होत नाहीत. उन्हाळ्यात हात मोकळे असतात, पण पाणी नसतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तिथे ब्लॉकवर पाणी कोण मारणार? राहतात ते रब्बीची पेरणी आटोपल्यानंतरचे दिवस, सुगी सुरू होईपर्यंतचे. प्लास्टिकने झाकले तर पाणीही कमी लागतं. आमच्या रिपोर्टमधला बार चार्ट यामुळे पूर्ण बदलला. त्याचा क्रिटिकल पाथ आता सिमेंटवर नाही, ज्वारीवर आहे.

घरमालकाने स्वतः बांधायचं म्हणजे काय, याचे दोन मोठे प्रयोग आपल्यासमोर आहेत. किल्लारीनंतर अगदी उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, तिथली घरं बहुतेक बाहेरच्यांनी आणि ठेकेदारांनी बांधली. रुंद रस्ते, चौकटीत आखलेले प्लॉट, एकसारखी घरं. सुरक्षित, यात शंका नाही. पण आळी, वाडा, अंगण ही रचना गेली. याउलट दीड लाखाहून जास्त कुटुंबांनी आपली घरं जागेवरच सरकारी मदतीतून स्वतः दुरुस्त केली, मजबूत केली. त्या कामात गावोगाव बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं होतं. हप्ता कधी, पट्टा कसा टाकायचा, आरपार दगड कुठे, हे घरोघरी सांगायचं आणि काम तपासायचं त्यांनी. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागे होती. कच्छच्या भूकंपानंतर लातूर भागातल्या याच बायका तिकडे गेल्या आणि आपला अनुभव तिथल्या बायकांना सांगून आल्या. ही गोष्ट मला प्रोजेक्ट करताना कळली. माझ्याच जिल्ह्यातली, आणि मला ठाऊक नव्हती.

गुजरातमध्ये मग ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर आली. दोन लाखांहून जास्त घरं नव्याने बांधायची होती आणि नऊ लाखांच्या आसपास दुरुस्त करायची. बहुतांश घरमालकांनी स्वतः बांधली. पैसे हप्त्याहप्त्याने त्यांच्या खात्यात. जोतं झालं, इंजिनियर येऊन पाहणार, मग पुढचा हप्ता. हजारो गवंड्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. भुजच्या हुन्नरशाला या संस्थेने मातीच्या ब्लॉकची आणि ठासलेल्या मातीच्या भिंतींची घरं करून दाखवली, आणि दाबलेल्या मातीच्या भिंतींसाठी गुजरात सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. माती, पैसा आणि तपासणी या तिन्ही गोष्टी एका साखळीत आल्या. यातली तपासणी काढून टाकली तर मी स्वतः त्या घरात झोपणार नाही. पैसा मालकाच्या हातातून काढला तर सावड होत नाही.

आमच्या भागात आज अडतं ते शब्दावर. अर्जात ‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ असे दोनच रकाने, आणि मातीची भिंत म्हटली की पेन आपोआप ‘कच्चं’कडे जातं. आमचे चुलते घर बांधायच्या विचारात आहेत. ब्लॉक त्यांना पटलाय, खर्च पटलाय, चार शेजारी सावडीला तयार आहेत. आजीने एकच अट घातली आहे, वर माळवद नको. ती अट कोडमध्येही आहे, आजीने कोड वाचलेला नाही एवढंच. पण मंजुरीचा इंजिनियर ‘माती’ हा शब्द ऐकून काय लिहील, याची चुलत्यांना धास्ती आहे. त्यासाठी ओल्या ब्लॉकच्या चाचणीचा कागद आणि आय.एस. १७२५ ची प्रत फाईलला लावायचं आम्ही ठरवलंय. कागदाला कागद भिडतो.

आमच्या डिपार्टमेंटच्या सॉईल लॅबमध्ये तीन खोकी, एक हातयंत्र आणि बऱ्याच बरण्या आहेत. सरांनी परवानगी दिली आहे. सुट्टीहून येताना आपल्या गावची दोन किलो माती आणा: फूटभर खालची, सुकी, पिशवीवर गावाचं आणि शेताचं की पांढरीचं ते लिहून. स्टाफपैकी कुणाच्या गावी पडका वाडा असेल तर तिथली आधी. पहिली बरणी हलवायला पाच मिनिटं लागतात, उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. जिल्हावार नोंद करायला वही लॅबच्या दाराशी टांगली आहे, आत्तापर्यंत तिच्यात अकरा गावं आहेत, आणि कोकणातलं एकही नाही.